मदत हवी आहे: पोट भरलेले असतानाही रात्रीचे खाणे थांबत नाही

कृष्णाकाठ (धागाकर्ती), सोमवार, रात्री ११.५२

नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. गेली साधारण दोन वर्षे मी रोज रात्री अकराच्या सुमारास भडंगाचा डबा काढते आणि जेवण व्यवस्थित झालेले असतानाही तो निम्मा होईपर्यंत खात राहते. भडंग संपले असेल तर शेव, शेव नसेल तर बिस्किटांचा पुडा, आणि घरात काहीच नसेल तेव्हा तूप-साखर लावून पोळीसुद्धा खाल्ली आहे. चमत्कारिक गोष्ट अशी की पहिल्या दोन घासांनंतर मला चवही धड लागत नाही, तरी हात डब्यात जातच राहतो. गेल्या चार-पाच महिन्यांत हे फारच वाढले असून वजन नऊ किलोंनी वाढले आहे. फार दिवस ताण राहिला की मेंदूला अशी सवय लागते असे वाचनात आले. ते खरे आहे का, आणि खरे असल्यास ती सवय मोडावी कशी, एवढेच मला विचारायचे आहे. ‘मन घट्ट करा’ आणि ‘डबा घरात ठेवूच नका’ हे दोन सल्ले कृपया देऊ नयेत. पहिला करून झाला आहे आणि दुसरा आमच्या घरात शक्य नाही. लवकर उत्तर मिळाल्यास बरे, कारण डबा आत्ताही समोरच आहे.

पायवाट, मंगळवार, सकाळी ६.४०

ताई, त्रास आपण नेमका सांगितला आहे, पण उत्तरासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी गाळल्या आहेत. आपले वय किती, रात्रीचे जेवण किती वाजता होते, दुपारी काय खाता, सलग झोप किती तास मिळते, रक्तातील साखर शेवटची कधी तपासली, कोणती औषधे चालू आहेत, आणि ज्या ताणाचा आपण केवळ उल्लेख केला आहे तो कसला, हे कळल्याशिवाय काही सांगणे म्हणजे अंदाजपंचे बोलणे होईल. मी एकवीस वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे, त्यामुळे प्रश्न विचारण्याची खोड लागली आहे असे समजा.

ठाण्याचा_चालता_बोलता, मंगळवार, सकाळी ९.१५

इतक्या चौकशीची गरज नाही. मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीप्रमाणे दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवतो. चौदा महिन्यांत अकरा किलो वजन उतरले आणि रात्रीची वखवख पूर्ण बंद झाली. धागाकर्त्या ताईंनी रात्री साडेआठनंतर तोंडात पाण्याशिवाय काही घालायचे नाही असा नियम केला, तर तीन आठवड्यांत शरीराला आपोआप वळण लागेल.

निवांत_नाशिक, मंगळवार, सकाळी १०.०२

दीक्षित की दिवेकर हा वाद कृपया याही धाग्यावर सुरू करू नये. मागच्या वेळी त्यात दोनशे प्रतिसाद झाले आणि मूळ प्रश्न विचारणारे गृहस्थ मधेच निघून गेले. माझा अनुभव मात्र नेमका उलटा आहे. आमचा कारखाना बंद पडायच्या वर्षी मला अन्नाकडे पाहवत नव्हते आणि सात किलो वजन कमी झाले होते. ताणाने भूक मरते हे मी स्वतः अनुभवले आहे, तेव्हा येथे ताण हे कारण नसावे असे माझे स्पष्ट मत आहे. थायरॉइड तपासावे.

कृष्णाकाठ, मंगळवार, दुपारी १.३०

थायरॉइड गेल्या वर्षी तपासले होते, ते व्यवस्थित आहे. वय ४६. साडेआठनंतर खाऊ नये हे मलाही कळते, पण कळलेले हाताला का कळत नाही, हाच माझा प्रश्न आहे. ताण म्हणाल तर घरोघरी असतो तसाच आहे, त्यात वेगळे काही नाही.

सूक्ष्मदर्शी, मंगळवार, सायंकाळी ७.२०

निवांत यांचा अनुभव आणि ताईंचा अनुभव हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, हे आधी सांगतो, कारण शरीरक्रियाशास्त्र शिकवताना तीस वर्षे हाच प्रश्न विद्यार्थी विचारत आले. संकट अचानक कोसळते तेव्हा ॲड्रेनालिन वाढते, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून सुटणारा एक संदेशवाहक भूक दाबतो आणि तोंड कोरडे पडते. वाघ मागे लागलेला असताना कोणी जेवायला बसत नाही. तोच ताण महिनोन्‌महिने रेंगाळला की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून पाझरणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे राज्य सुरू होते. ते भूक वाढवते, आणि ती भूक भाकरी-भाजीची नसून गोड, तळलेल्या, खारट अशा चमचमीत पदार्थांची असते. तरीही काही माणसांची भूक शेवटपर्यंत मेलेलीच राहते. स्वभाव, मूळचे वजन आणि खाण्याच्या जुन्या सवयी यांप्रमाणे हे बदलते.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेरी डॉलमन यांनी २००३ मध्ये या विषयावर एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. ताणाखालच्या उंदरांना चरबी आणि साखर मिळू लागली, की त्यांच्या मेंदूतून निघणारी ताणाची हाकाटी खरोखरच मंदावते, असा त्याचा गाभा होता. म्हणजे रात्रीच्या त्या खाण्याने आपल्याला थोडे बरे वाटत असेल, तर तो भास नाही. औषध लागू पडते म्हणूनच ते सुटत नाही.

आता चव लागत नसताना हात का चालतो याविषयी. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी ‘आवडणे’ आणि ‘हवेसे वाटणे’ या मेंदूतील दोन वेगळ्या यंत्रणा असल्याचे दाखवून दिले. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन हे संदेशवाहक रसायन जवळजवळ नाहीसे केले होते, ते अन्नाकडे वळेनात, पण जिभेवर साखरेचे पाणी सोडले की मिटक्या मारल्यासारखे ओठ हलवीत. डोपामाइन ओढ लावते, गोडी लावत नाही. ओढ वाढत जाऊन गोडी ओसरली, तर माणूस आपण लिहिले आहे तसाच खातो. शिवाय वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत असे दिसले, की फळाचा रस मिळण्याआधी दिवा लागतो हे माकडाला एकदा उमगले, की डोपामाइनच्या पेशी रसाला प्रतिसाद देणे सोडून दिव्यालाच देऊ लागतात. आपल्या घरातला तो ‘दिवा’ कोणता, हे शोधावे लागेल. अकराच्या आधी नेमके काय घडते?

ठाण्याचा_चालता_बोलता, मंगळवार, रात्री ८.०५

उंदीर आणि माकडे झाली, आता माणसांविषयी काही आहे का? मेंदूच्या नावाने एकदा पावती फाडली, की माणसाला काहीच करावे लागत नाही. शिस्त हा शब्द या धाग्यावर कोणालाच नको आहे असे दिसते.

सूक्ष्मदर्शी, मंगळवार, रात्री ८.४०

आक्षेप रास्त आहे, म्हणून एक माणसांवरचा प्रयोग सांगतो. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच अंथरुणात राहू दिले. दहा-दहा तास मिळालेल्या रात्रींच्या तुलनेत पोट भरल्याची वर्दी देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले, भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले, आणि भुकेची ओढ सर्वांत जास्त वाढली ती गोड, खारट व पिठूळ पदार्थांची. तरुणांची शिस्त दोन रात्रींत बिघडली असे म्हणायचे का?

प्राण्यांचाही एक प्रयोग ताईंच्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे. सिडनीच्या गारव्हन संस्थेतील हर्बर्ट हर्झोग यांच्या गटाने २०२३ मध्ये मेंदूतील लॅटरल हॅबेन्युला या लहानशा भागाचा अभ्यास केला. चरबीयुक्त अन्न खाऊन झाले की हा भाग ‘आता पुरे’ असे सांगून बक्षिसाच्या यंत्रणेला आवरतो. दीर्घ ताण आणि चरबीयुक्त अन्न एकत्र आले तेव्हा मात्र उंदरांमधला हा भाग गप्पच राहिला. केवळ चरबीयुक्त अन्न खाणाऱ्या उंदरांपेक्षा त्या उंदरांनी कृत्रिम गोडी घातलेले, काहीही ऊर्जा न देणारे पाणी तिप्पट प्यायले. त्यांना पोषण नको होते, गोड चवीचे ते बक्षीस हवे होते. माणसात हे जसेच्या तसे घडते असा दावा मी करणार नाही. पण ब्रेकच लागत नसेल, तर ब्रेक दाबणाऱ्याच्या पायाला दोष देऊन उपयोग नाही.

हळदीची_पेठ, मंगळवार, रात्री ९.१०

सांगलीकडच्या दिसता म्हणून लिहिते. भडंग सोडायचे कशाला? चुरमुरे आधी कढईत कोरडेच कुरकुरीत करून घ्यावेत, दोन चमचे तेलात लसूण लाल होऊ द्यावा, मग मेतकूट, तिखट व किंचित पिठीसाखर घालून फोडणी चुरमुऱ्यांवर ओतावी. शेंगदाणे तळण्याऐवजी भाजून घातले की तेल निम्म्यावर येते आणि चवीत काही उणे राहत नाही. आमच्याकडे सगळे असेच खातात.

पायवाट, मंगळवार, रात्री ९.४५

कृती छान आहे, पण अर्धा डबा संपतो आहे हा त्रास तेल कमी करून सुटणारा नाही. ताई, माझ्या सातपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर आले आहे. झोप, दुपारचे जेवण आणि औषधे यांविषयी कृपया लिहा. घरोघरी असतो तसा ताण म्हणजे काय, हेही.

कृष्णाकाठ, बुधवार, रात्री १२.२०

आपण खोदून विचारता म्हणून लिहिते. नाहीतर यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटले नव्हते. आईला अर्धांगवायू होऊन पावणेतीन वर्षे झाली. डावी बाजू गेली आहे. दिवसा ब्युरोच्या मावशी असतात, त्या सातला जातात. मी पतसंस्थेतून साडेसहाला येते, तेव्हापासून सकाळपर्यंत सगळे माझ्याकडे असते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, त्यासाठी मोबाइलवर गजर लावलेला असतो. दुपारी डबा नेते, पण महिनाअखेरीस तो बहुधा तसाच परत येतो. रात्रीचे जेवण आईला भरवून झाल्यावर नऊ-सव्वानऊला होते. अकराच्या गजराला तिची कूस बदलते, दिवा मालवते, तिचा श्वास संथ झाला की स्वयंपाकघरात येते, आणि मग डबा. भडंग भाच्यांसाठी ठेवलेले असते, ती मुले शाळेतून परस्पर इथेच येतात, म्हणून ते घरात नसणे शक्य नाही. औषध म्हणाल तर फक्त पित्ताची गोळी, तीही जुनीच आहे.

सूक्ष्मदर्शी सर, आपला तो दिवा म्हणजे अकराचा गजर असावा. लिहिता लिहिता लक्षात आले.

निवांत_नाशिक, बुधवार, सकाळी ७.५०

ताई, ‘घरोघरी असतो तसा’ हे वाक्य आपण परत घ्यावे. माझे थायरॉइडचे मत मी परत घेतो.

मोरावळा, बुधवार, सकाळी ८.३०

पित्त हेच मूळ आहे हे आता स्पष्ट झाले. जागरणाने पित्त वाढते, पित्ताने जठराग्नी भडकतो आणि खोटी भूक लागते. सकाळी अनशापोटी एक चमचा मोरावळा घ्यावा, दुपारी आमसुलाचे सार प्यावे, आणि पित्ताच्या गोळ्या ताबडतोब बंद कराव्यात. या गोळ्या वर्षानुवर्षे घेणे अत्यंत वाईट असते.

ठाण्याचा_चालता_बोलता, बुधवार, सकाळी ९.००

मोरावळ्यात साखरेचा पाक असतो हे विसरू नये. गोळीविषयी मात्र सहमत आहे. ॲसिडिटीच्या गोळ्या मीही घेत होतो, त्या एका दिवसात फेकून दिल्या.

पायवाट, बुधवार, सकाळी ९.०५

ताई, थांबा. कोणतीही गोळी आज बंद करू नका. ‘पित्त’ म्हणजे छातीत जळजळ होते आणि आंबट ढेकर येतात ते, की अंगावर लाल गांधी उठून खाज येते ते? गोळीच्या पाकिटावर काय नाव आहे?

कृष्णाकाठ, बुधवार, दुपारी २.१५

अर्थातच अंगावर उठणारे. जळजळ होते असे मी कुठे म्हटले? पाकिटावर प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम असे आहे. मागल्या वर्षी पित्त फार उठले तेव्हा एका दवाखान्यात सात दिवसांसाठी लिहून दिली होती. तिने लगेच गुण आला म्हणून पुन्हा उठले की मी तीच चिठ्ठी दाखवून घेत आले. गेले पाच महिने जवळजवळ रोजच रात्री जेवणानंतर एक घेते, कारण न घेतल्यास दुसऱ्या दिवशी खाज सुटते. ही एवढीशी गोळी आहे. तिचा खाण्याशी काय संबंध?

सूक्ष्मदर्शी, बुधवार, दुपारी ३.४०

संबंध फार जवळचा आहे. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असून ते कॉर्टिसॉलच्याच कुळातले आहे, आणि त्याचे ५ मिलिग्रॅम साधारण २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलएवढे काम करतात. म्हणजे आपल्या एका गोळीतून सुमारे ४० मिलिग्रॅमचा परिणाम मिळतो, जो निरोगी शरीराच्या दिवसभराच्या उत्पादनाच्या दुपटीहून अधिक आहे. ताणाने जे संप्रेरक आधीच वाढण्याचा संभव आहे, त्याच्याच जातीचे औषध आपण पाच महिने वरून घेत आहात. भूक वाढणे, वजन वाढणे आणि झोप उडणे हे त्याचे सर्वज्ञात परिणाम आहेत. म्हणूनच ते दिवसातून एकदा घ्यायचे असेल तर सामान्यतः सकाळी नाश्त्यानंतर देतात, कारण शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉलही पहाटे चढते आणि रात्री उतरते. आपण ते रात्री घेता, म्हणजे शरीर निजायला निघते तेव्हाच त्याला उठवता.

आता सर्वांत महत्त्वाचे. मोरावळा आणि ठाणेकर यांनी गोळी तडकाफडकी बंद करण्याचा जो सल्ला दिला, तो या गोळीच्या बाबतीत धोक्याचा आहे. बाहेरून पुरवठा सुरू असल्यामुळे आपल्या अधिवृक्क ग्रंथी आळसावलेल्या असू शकतात. औषध एकदम तोडले तर रक्तदाब उतरणे, उलट्या, कमालीचा थकवा असे काहीही होऊ शकते, आणि क्वचित प्रसंगी जिवावर बेतते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते.

कृष्णाकाठ, बुधवार, दुपारी ४.०५

स्टिरॉइड म्हणजे तालमीतले पहिलवान चोरून घेतात ते ना? मी असले काही घेत असेन हे मला खरेच माहीत नव्हते.

सूक्ष्मदर्शी, बुधवार, दुपारी ४.३०

नाही, ते वेगळे. नाव एकच असले तरी स्नायू वाढवणाऱ्या स्टिरॉइडांचे घराणे निराळे आहे. आपले औषध चांगलेच आहे आणि असंख्य रुग्णांना त्याने जीवदान दिले आहे. चुकला तो फक्त कालावधी. अंगावरच्या पित्तासाठी, म्हणजे अर्टिकेरियासाठी, दीर्घकाळ घ्यायची औषधे दुसरी असतात. गुंगी कमी आणणाऱ्या नव्या पिढीच्या ॲलर्जीविरोधी गोळ्या हा त्यातला पहिला पर्याय मानतात. त्यांविषयी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

ठाण्याचा_चालता_बोलता, बुधवार, सायंकाळी ६.१०

म्हणजे दोष गोळीचा निघाला. मेंदू, माकडे आणि हॅबेन्युला यांवर आपण एवढे लिहिले ते सगळे व्यर्थच म्हणायचे. बाकी ॲसिडिटी समजून मी जे बोललो, ते मात्र मागे घेतो.

पायवाट, बुधवार, रात्री १०.३०

धागाकर्त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये ‘दोन वर्षे’ आणि ‘चार-पाच महिन्यांत फार वाढले’ असे दोन वेगळे काळ लिहिले आहेत. रात्रीचे खाणे गोळीच्या पुष्कळ आधीचे आहे, ते आईंच्या आजारपणात सुरू झाले. गोळीने त्यात भर घातली असावी. गोळी उतरली तरी अकराचा गजर होणारच आहे आणि अर्धीमुर्धी झोप तशीच राहणार आहे.

ताई, उद्याच वेळ काढून फिजिशियनकडे जा, गोळीचे पाकीट सोबत न्या, आणि किती दिवस घेतली ते लपवू नका. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी करून घ्या, कारण वाढलेली साखर हाही या औषधाचा एक परिणाम असतो. दुपारचा डबा परत येऊ देऊ नका. दिवसभर उपाशी राहिलेला मेंदू रात्री वसुली करतोच. अकराच्या गजरानंतर स्वयंपाकघरात न जाता दुसरे एखादे ठरावीक काम करा, मग ते पाय कोमट पाण्यात ठेवून बसण्याचे का असेना, कारण जुन्या सवयीच्या जागी दुसरे काहीतरी ठेवावे लागते. आठवड्यातून एक तरी रात्र दुसऱ्या कोणावर सोपवा. जवळ कोणाशी बोलता येत नसेल तर शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तेथे मराठीतही बोलता येते.

कृष्णाकाठ, बुधवार, रात्री ११.४०

एक रात्र सोपवणे शक्य नाही. भाऊ इचलकरंजीला असतो.

निवांत_नाशिक, गुरुवार, सकाळी ६.१५

इचलकरंजी म्हणजे जेमतेम तासाभराचे अंतर. त्याची मुले रोज आपल्याकडे येऊन भडंग खातात ना?

कृष्णाकाठ, गुरुवार, दुपारी १.१०

ती बहिणीची मुले आहेत. पण मुद्दा कळला.

कृष्णाकाठ, सोळा दिवसांनी, शनिवार, रात्री ९.३५

उत्तर द्यायला उशीर झाला. फिजिशियनकडे जाऊन आले. उपाशीपोटीची साखर ११८ निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी ६.१, मधुमेह नाही, पण त्याच्या उंबऱ्यावर आहे असे डॉक्टर म्हणाले. गोळी सकाळी घ्यायला सांगितली असून मात्रा काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवायचा तक्ता लिहून दिला आहे. पित्तासाठी दुसरी गोळी दिली. खाज मधूनमधून उठते, पण सोसते. भावाला फोन करताना माझाच आवाज चढला, तो मात्र काही न बोलता शनिवारी रात्री येऊ लागला आहे. आज त्याची दुसरी खेप आहे. मागच्या शनिवारी मी सलग सहा तास झोपले आणि सकाळी आई दिसली नाही म्हणून घाबरून उठले. तो तिला खुर्चीत बसवून चहा पाजत होता.

खाणे बंद झाले का, तर नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री डबा निघतोच, पण पूर्वीसारखा निम्मा होत नाही. परवा मात्र एक गोष्ट झाली. अकराचा गजर झाला, आईची कूस बदलली, आणि पाय कोमट पाण्यात ठेवायचे सोडून मी सवयीने डबा उघडून बसले. दुसऱ्या घासाला हात थांबला. शेंगदाणे खवट लागत होते. डब्याच्या तळाला बोट फिरवले तर जुन्या तेलाचा चिकट थर निघाला. भाच्यांना विचारले तेव्हा धाकटी म्हणाली, “मावशी, ते कधीचेच खराब झाले आहे, आम्ही तर दिवाळीपासून खातच नाही.”

हळदीची_पेठ ताई, शेंगदाणे भाजून घालायचे ते सालासकट की सोलून?